गियर कोण घासतंय?

गिऱ्हाईक दारात गाडी उभी करून जे पहिलं वाक्य बोलतं, त्यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. ‘मिस्त्री, इंजिन गेलं’ म्हणत रडकुंडीला आलेल्याच्या टाकीत पेट्रोलच नसायचं, आणि ‘काय न्हाई वं, जरा बघून ठेवा’ म्हणणाऱ्याची गाडी बैल जुंपून ओढत आणलेली असायची. माणूस मुद्दाम खोटं बोलतो असं नाही. त्याला काय वाटतं ते तो सांगतो, आणि गाडीला काय झालंय ते गाडी सांगते. या दोघांचं जुळत नाही तिथं मिस्त्रीचं काम सुरू होतं.

उद्यमनगरात माझं पत्र्याचं गॅरेज होतं. संस्थान नुकतंच विलीन झालेलं. कोल्हापुरात मोटारी मोजक्या, त्यामुळे रस्त्यानं गाडी गेली की मान वर न करता मी सांगायचो ही कुणाची. इंजिनाची कामं सगळेच मिस्त्री हौसेनं करायचे. बॉनेट उचललं की चार माणसं भोवती जमतात, मिस्त्रीला भाव येतो. मला मात्र नाद लागला गियरबॉक्सचा. पायाखाली, फळीच्या आत दडून बसलेली लोखंडी पेटी. तिच्यात काय चाललंय हे न उघडता ओळखायचं, यात मला जी मजा यायची ती कुस्तीच्या फडातही आली नाही, आणि हे मी कोल्हापुरात राहून लिहितोय हे ध्यानात घ्या!

पेठ वडगावच्या एका पाव्हण्यानं लिलावात गाडी घेतली. घेताना मांजरासारखी गप्प चालायची म्हणे, आणि थोडे दिवस गेल्यावर घुमायला लागली. मी गियरबॉक्स उघडला तर आत तेलात कालवलेला लाकडाचा भुसा. ही विकणाऱ्याची चलाखी. झिजलेल्या दातांत भुसा भरला की आवाज दबतो, पण भुसा काय जन्माला पुरतो होय? पाव्हणं उकिडवं बसून आत बघत राहिलं आणि म्हणालं, “मिस्त्री, ह्याची निदान म्हशीला पेंड तरी हुईल का?”

दुसरे आमच्या तालमीचे वस्ताद. त्यांच्याकडे एक जुनी मोटार होती. एक दिवस ते चालतच गॅरेजात आले, हातात गियरची अख्खी दांडी. मी म्हटलं, “वस्ताद, हे काय?” तर म्हणाले, “आडत हुता, म्हणून जरा वडला.” हे वस्ताद हाडं बसवण्यातही नाणावलेले. त्यांनी माझ्याकडे गाडी दुरुस्तीला द्यावी आणि मी त्यांच्याकडं माझा खांदा, असा आमचा घरोबा होता.

पण मला सांगायचंय ते दस्तगीरचाचांविषयी.

तवनाप्पाअण्णा हे गुळाचे अडते. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. संस्थानी अमदानी संपली तसा एका जहागीरदारानं आपला पसारा विकायला काढला, त्यातली एक जुनी, उघड्या टपाची, लांबलचक विलायती गाडी अण्णांनी घेतली. गाडीबरोबर ड्रायव्हर आला. आला म्हणजे, दस्तगीरचाचा त्या गाडीचेच असल्यासारखे आले. जहागीरदाराकडं ही गाडी त्यांनीच चालवलेली, दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही. पन्नाशी ओलांडलेली, मेंदी लावलेली दाढी, डोक्याला फेटा, आणि वागणं असं अदबशीर की अण्णांच्या पेढीवर ते एकटेच कुणी मानकरी वाटायचे. त्यांचा गियर पडलेला कळत नसे. लोक सांगायचे, मागं बसून जहागीरदार कपबशीतनं चहा प्यायचे आणि बशीत थेंब सांडत नसे.

तर दसरा झाल्यावर एके सकाळी अण्णा ती गाडी घेऊन माझ्या दारात. चाचा चालवत होते. वळणावर त्यांनी गियर खाली घेतला आणि असा काही ‘खर्रर्रर्र’ आवाज निघाला, की समोरच्या फौंड्रीतली माणसं दारात आली.

अण्णा उतरता उतरताच ओरडले, “ऐकलंस न्हवं, मिस्त्री? म्हैना झाला, असंच बोंबलतीय. आता दिवाळसणाला जावई येणार हाय माझा जयसिंगपुरास्नं. आणायला हीच गाडी जाणार. जावई आत बसल्यावर हिनं असं त्वांड उघडलं, तर त्यो काय म्हनंल? गेर बिघडला असंल तर गेर बदल. ड्रायव्हर बिघडला असंल तर तसं सांग, दुसरा बघतो. पर दिवाळीच्या आत मला उत्तर पायजे.”

चाचा शेजारीच उभे होते. अण्णा बोलताना ते त्यांच्या तोंडाकडं एकटक बघत होते. बोलणं संपलं तसं त्यांनी मान खाली घातली आणि गाडीच्या मडगार्डवरनं फडकं फिरवायला लागले. जहागीर गेलेली, दुसऱ्या मोटारवाल्याकडं या वयात कोण उभं करणार? घरात खाणारी तोंडं होती. अण्णांच्या एका वाक्यानं त्यांची भाकरी माझ्या हातात आली होती, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

आता गियर घासतो म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगतो. ज्यांना मोटार चालवता येते त्यांनी हा तुकडा वगळला तरी माझी हरकत नाही, पण वगळू नये. गियरबॉक्समध्ये दातांची चाकं असतात. गियर बदलायचा म्हणजे फिरतं एक चाक दुसऱ्या फिरत्या चाकात नेऊन अडकवायचं. दोघांचा वेग सारखा असेल तर दातात दात अलगद बसतो. नसेल तर दातावर दात आपटतात, तोच तो आवाज. चालत्या बैलगाडीत बसायचं तर आपण शेजारून तिच्याच वेगानं चालतो आणि मग टुणकन बसतो, तसं. उभ्या जागेवरनं उडी मारली तर नडगी फुटते. पुढं आलेल्या गाड्यांत वेग जुळवायची सोय आतच केलेली असते. पण त्या जुन्या गाडीत ती नव्हती, जुळणी ड्रायव्हरनंच करायची. क्लच दाबायचा, गियर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, ॲक्सिलेटरनं इंजिन हवं तेवढं चढवायचं, पुन्हा क्लच दाबून गियर टाकायचा. याला आम्ही डबल क्लच म्हणायचो. सांगायला हे एवढं लांबतं, पण जाणत्या माणसाच्या हातून पापणी लवायच्या आत होतं.

घासणारा गियर हा चोरासारखा पकडायचा असतो. एकेकाला बाजूला घेऊन विचारायचं. पहिला संशय क्लचवर. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच दाबून थोडं थांबायचं आणि उलटा गियर टाकायचा. क्लच पुरता सुटत नसेल तर उलटा गियर किंकाळी फोडतो, कुणाची भीड ठेवत नाही. मी टाकला. अगदी अलगद पडला. क्लच निर्दोष सुटला. दुसरा संशय तेलावर. काढून बघितलं, तेल चांगलं, पण तळाशी लोखंडाचा चमकता बारीक कीस. मग सगळी पेटीच उतरवली. बेअरिंगं घट्ट, दांड्या सरळ, दात जाग्यावर. फक्त दातांची टोकं ताजी खरवडलेली, नुकती कुणी कानशीनं घासल्यासारखी. म्हणजे पेटीचा गुन्हा नव्हता. पेटी मार खात होती.

पेटी बसवली, कार्बोरेटर साफ केला, इंजिन नीट लावलं, आणि मी स्वतः गाडी घेऊन रंकाळ्यापर्यंत जाऊन आलो. एकदाही आवाज नाही. मग चाचांना बसवलं. निघताना ठीक. वर गियर टाकताना थोडी कुरकुर. आणि खाली घेताना, खर्रर्रर्र! चाचा समोर बघत शांतपणे चालवत राहिले.

आता सांगा, ज्या माणसाच्या हाताखाली गाडीला वर्षानुवर्षं हूं की चूं नव्हतं, त्याच माणसाला तीच गाडी एकाएकी का गुरगुरावी? मला जेवण गोड लागेना. बायको म्हणाली, “गियर घासतोय त्यो गाडीचा, तुमी दात का खाताय?”

मला वाटलं चपला असतील. चाचांनी महिन्यामागं नव्या कापशी चपला घेतल्या होत्या, जाड तळाच्या, चालताना कर्रकर्र वाजणाऱ्या. असला तळ पायात असला की क्लच किती दाबला याचा अंदाज येत नाही. मी त्यांना चपला काढायला लावल्या. अनवाणी पायानं चालवली, तरी खर्रर्र. मग वाटलं गुडघा. उकिडवं बसायला लावलं, तर माणूस माझ्याआधी उठून उभा. मग वाटलं मनात काही सल असेल. सरळ विचारलं, “चाचा, घरात सगळं बरं हाय न्हवं?”

ते माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, “अल्लाच्या मेहेरबानीनं बरं हाय, मिस्त्री. तुमी गाडीचं बघा की.”

उत्तर मिळालं ते अगदी अचानक. गाडी गॅरेजसमोर उभी होती, इंजिन मीच चालू ठेवलेलं. नीट लावल्यामुळं ते आता इतकं मऊ चालत होतं की बॉनेटवर हात ठेवल्याखेरीज कळू नये. चाचा आले, जाग्यावर बसले आणि त्यांनी स्टार्टर दाबला. चालू इंजिनावर स्टार्टर दाबला की काय होतं, हे ज्यांनी ऐकलंय त्यांच्या अंगावर आत्ताही काटा येईल. लोखंडावर लोखंड अशी किंचाळी उठली की माझ्या हातातला पाना पडला. रस्त्यावरचा टांग्याचा घोडा उधळला. आणि चाचा? चाचा दाबूनच बसलेले. चेहऱ्यावर रेघ हललेली नाही. गाडी सुरू का होत नाही, एवढाच काय तो प्रश्न तोंडावर.

मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. ते दचकले. “काय झालं?” म्हणाले.

मी मागच्या सीटवर जाऊन बसलो आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच हळू आवाजात बोललो. म्हटलं, “चाचा, मागचं चाक निसटलंय.”

ते समोरची काच पुसत होते. तशीच पुसत राहिले.

आमच्या कोल्हापुरात कुणी हळू बोलतच नाही हो! जवळ बसलेल्याला मीठ मागायचं तरी आम्ही पल्याडच्या गल्लीला ऐकू जाईल असं मागतो. अण्णांसारखा माणूस तर गुळाच्या सौद्यात ओरडून ओरडून तसाच झालेला. दुसऱ्या कुठल्या गावात हा माणूस लवकर उघडा पडला असता. इथं सगळेच ओरडणारे, त्यात समोरच्याच्या ओठांवर चाचांची नजर, त्यामुळं पेढीवर, मशिदीत, कुणाच्या म्हणजे कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं. जुना गियर तर कानानंच पडतो. इंजिनाचा सूर चढला की टाकायचा, उतरला की थांबायचं. हा धंदा करणारा मी माणूस, आणि चपला तपासत बसलो होतो.

मी पुढं येऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय.

“कवापासनं, चाचा?” मी विचारलं.

बराच वेळ त्यांनी दाढीवरनं हात फिरवला. मग म्हणाले, “जहागीरदार सरकारास्नी शिकारीचा लई शौक. मागच्या सीटवर हुबं ऱ्हायचं आन् बार सोडायचं. बंदुकीची नळी हितं, माज्या डोस्क्यावर.” त्यांनी फेट्यावर हात ठेवून दाखवलं. “सांजच्याला कान गुंगायचं, सकाळपत्तूर उतरायचं. मग उतरायचं बंद झालं. थोडं थोडं करत गेलं सगळं. गेल्या साली अजान यायची बंद झाली.”

“आणि गाडी कशी चालवत हुता?”

“आठवणीनं की! ह्या गाडीचा सूर माज्या डोस्क्यात हाय. पर म्हैना झाला, अण्णा मागं गुळाचं रवं भरत्यात, मोठाल्या ढेपा. कवा धा, कवा ईस. वजन सारखं बदलतंय, आता रिकाम्या गाडीलाबी माजी आठवण चुकती.” मग ते म्हणाले, “मिस्त्री, गेर घासतुय म्हंत्यात समदी. कसा घासतुय? लई व्हय?”

ज्या आवाजावरनं महिनाभर हा माणूस शिव्या खात होता, तो आवाज त्यानं ऐकलेलाच नव्हता. मी मागची चाकं ठोकळ्यांवर उचलली, पायाखालची फळी काढली, चाचांचा तळहात गियरबॉक्सवर ठेवला आणि इंजिन चालू करून मुद्दाम गियर घासला. त्यांनी चटका बसल्यागत हात ओढला. मग आपणहून परत ठेवला. “आणखी येकदा,” म्हणाले. मी पुन्हा घासला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “येवढं छळलं व्हय मी हिला?” म्हणाले आणि त्या लोखंडी पेटीवरनं हात फिरवत बसले.

पण त्यातनंच मला सुचलं. हात जर घासलेलं ओळखतोय, तर हात जुळलेलंही ओळखेल. मी त्यांना सांगितलं, दांडी दाबायची नाही, दाताला नुसती टेकवायची. वेग जुळला नसेल तर ती बोटांत गुरगुरते. जुळत आला की गुरगुर बारीक होते, आणि मिटल्यावर आत ढकलायची. इंजिनाचा सूर कानाऐवजी अनवाणी तळव्यानं घ्यायचा. ठोकळ्यांवर जमलं, तशी आम्ही रोज सकाळी गाडी गडमुडशिंगीकडं काढायला लागलो. मोकळा सपाट रस्ता, माणूस काणूस नाही. पहिले दिवस खर्रखर्र. मग कमी. मग एका सकाळी त्यांनी वरनं खालपर्यंत सगळे गियर टाकले आणि मला एकही कळला नाही. तळहातावर लोणी ठेवावं तसा गियर पडत होता. चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही हात वर केले. त्या माणसानं फेटा काढून मांडीवर ठेवला आणि लहान पोरासारखा हसला.

मी खुशीत होतो. दिवाळी तोंडावर आलेली. अण्णांना काय सांगायचं तेही ठरलं होतं, दात जरा झिजले होते, बसवून दिले. चाचांची नोकरी शाबूत, जावयाचा मान शाबूत, आणि माझी तर कॉलर ताठ. एकच काम राहिलं होतं, घाटातली चाचणी. खरा गियर घाटातच कळतो. म्हणून दुपारचं जेवण करून आम्ही पन्हाळ्याला निघालो. मागं वजन पाहिजे म्हणून अण्णांच्या पेढीवरनं रवे भरून घेतले.

चढ सुरू झाला. वळण आलं की चाचा गियर खाली घेत होते, चढ सरला की वर टाकत होते, आणि गाडी गुमान चढत होती. मी बाहेर बघत बसलो होतो. तेवढ्यात मागनं भोंगा वाजला. सर्व्हिस मोटार, म्हणजे तेव्हाची प्रवाशांची बस, वर माणसं लटकलेली, तिला पुढं जायचं होतं. चाचा रस्त्याच्या मधोमध. तिनं पुन्हा भोंगा वाजवला, लांबलचक. गाडीतला आरसा मागची सीट दिसेल असा लावलेला, सरकारांचा हुकूम चेहऱ्यावर वाचता यावा म्हणून. मागचा रस्ता त्यात दिसत नव्हता. मी त्यांच्या खांद्याला हात लावायला वळलो, तोवर मोटारवाल्यानं चिडून दरीच्या बाजूनं गाडी घातली. आमच्या शेजारी येतीय न येतीय तोच पुढच्या वळणावरनं उसाची बैलगाडी उतरताना दिसली. मोटारीतल्या बाया किंचाळल्या. मोटारीचं चाक कडेच्या दगडाला घासून धूळ उडाली. मी चाचांचा दंड खेचला, त्यांनी गाडी डोंगराकडं दाबून उभी केली, आणि मोटार आमच्या मडगार्डला जवळजवळ चाटून पुढं निघून गेली. थोड्या अंतरावर थांबली. तिचा ड्रायव्हर उतरून आला आणि आईबापांचा उद्धार करायला लागला. “भैरा हाईस का रं? कवाधरनं बोंबलतुय मी!”

चाचांनी त्याचे ओठ वाचले. हात जोडले. तो बडबडत निघून गेला.

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. चाचांनी विचारलं, “किती येळ वाजवत हुता?”

मी सांगितलं, “बराच येळ.”

“बाया हुत्या न्हवं आत? पोरं?”

“हुती.”

ते उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले. सरकारांसाठी उघडायचे तसं. “मिस्त्री, तुमी चालवा आता. गेर तुमी हातानं शिकिवला. ह्ये कशानं शिकिवणार?”

मी उतरून स्टिअरिंगवर जाऊन बसलो. घाट उतरताना ते शेजारी बसले होते, हात मांडीवर. मी एक गियर चुकून घासला, पण त्यांना कळला नाही. कोल्हापूर दिसायला लागलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, “येक काम करा. अण्णास्नी कान गेला म्हनू नगा. पाय गेला म्हना. डावा, क्लचचा. लंगड्याला लोक बसाया जागा देत्यात, मिस्त्री. भैऱ्याला हसत्यात. पोरं मागं लागत्यात. गावोगाव माज्या नावाम्होरं ‘भैरा’ लागंल, आन् नातवंडास्नीबी त्याच नावानं वळखतील.”

हे खरं होतं. आमच्या गावात एकदा टोपणनाव पडलं की ते मेल्यावरही सुटत नाही. मी अण्णांना सांगितलं, “गाडी ठणठणीत हाय. चाचांचा डावा पाय गेलाय. क्लच पुरता दाबत न्हाई.”

अण्णा थोडा वेळ गप्प बसले, म्हणजे किती मोठी गोष्ट! मग ओरडले, “पाय गेला म्हंजी? आमच्याकडं हाय त्यो, असा जाईल कसा? वस्तादाकडं न्या त्याला!”

हा डाव आमच्या दोघांच्याही ध्यानात आला नव्हता. हाडं बसवणाऱ्या वस्तादांच्या हातात चाचांचा धडधाकट पाय गेला. तालमीच्या मातीत पालथं पाडून वस्तादांनी तो पाय मुरगळला, पिळला, तेल चोळून उलटा केला. चाचांच्या तोंडून खऱ्याखुऱ्या आरोळ्या निघाल्या. वस्ताद मला म्हणाले, “नस आखडलीय गा. लई जुनं दुखणं हाय.” मी मान डोलावली, दुसरं काय करणार? तिथनं निघताना चाचा खरोखरच लंगडत होते.

जावयाला आणायला नवा ड्रायव्हर गेला. त्यानं पेढीच्या दारात असा गियर घासला की जावई हसला आणि अण्णा लाल झाले. चाचांना अण्णांनी घालवलं नाही. पेढीच्या दाराशी एक खुर्ची टाकली, आलेल्या पाव्हण्यांना बसवायचं, पाणी द्यायचं, एवढं काम. पुढं ती गाडीही विकली. चाचा काठी घेऊन लंगडत यायचे, लंगडत जायचे. डाव्या पायानं. खोटं लंगडणं सोपं नसतं, एखाद्या दिवशी करून बघा.

बऱ्याच वर्षांनी काही कामासाठी पेढीवर गेलो होतो. अण्णा गादीवर बसून नेहमीसारखे ओरडत होते. हिशेबनिसाला बसल्या जागेवरनं हाक, हमालाला बसल्या जागेवरनं शिवी, आतल्या चहावाल्याला तर भिंतीपलीकडनं आरोळी. तेवढ्यात त्यांना चाचांशी काही बोलायचं झालं. चाचा दारात, पाठमोरे. अण्णांनी हाक मारली नाही. ते गादीचा आधार घेत, पोट सावरत, कण्हत उठले. चपला पायात सरकवल्या. एवढी मोठी पेढी ओलांडून, खुर्चीला वळसा घालून चाचांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. चाचांनी वर बघेपर्यंत थांबले. आणि मग ओरडले, “दस्तगीर! पाय कसा हाय?”

“दुखतुय की, अण्णा,” चाचा म्हणाले आणि उठून त्यांच्यासाठी पाणी आणायला निघाले. त्या दिवशी ते उजव्या पायानं लंगडत होते. अण्णांनी ते पाहिलं, माझ्याकडं एकदा पाहिलं, आणि परत गादीवर येऊन बसले.